मायक्रोमीटर नेण्याची चेष्टा

रत्नप्रभा वझलवार लग्न होऊन वर्ध्याहून भोपाळला आल्या ते साल बासष्ट. टाऊनशिप तेव्हा बांधली जात होती. त्यांच्या क्वार्टरला दारं लागली होती, पण कड्या बसायच्या होत्या, म्हणून पहिले आठ दिवस त्या दाराला आतून पाटा टेकवून झोपत. पुढे कड्या आल्या, नळाला वेळेवर पाणी यायला लागलं, मुलगी झाली, ती शाळेत जायला लागली, आणि एकोणीस वर्षं उलटली. एक गोष्ट मात्र तेवढ्या वर्षांत त्यांना जमली नाही, ती म्हणजे हिंदी.

ऐकलेलं सगळं समजायचं. बोलायला तोंड उघडलं की घोटाळा. नवीन असताना शेजारच्या लखनौच्या बाई बसायला आल्या, बोलण्यात वेळ गेला, तेव्हा रत्नप्रभाबाई म्हणाल्या, "चाय ठंडा हो गया." हिंदीत चहा स्त्रीलिंगी असतो. बाईंची मुलं पुढे महिनाभर अंगणात एकमेकांना "चाय ठंडा हो गया" म्हणून चिडवत होती. त्यानंतर रत्नप्रभाबाईंनी आपली हिंदी चार वाक्यांवर आणली. कितने का है, कम करो, नहीं चाहिए, आणि साब घर पे नहीं हैं. एवढ्यावर त्यांचं चाललं. बाकीचं बोलायला नवरा होता आणि पुढे मुलगी झाली.

नवरा म्हणजे गोपीनाथराव. कारखान्यात टूलरूम सांभाळत. टूलरूमला एक खिडकी असते. कामगार खिडकीशी येतो, आपल्या नंबरचा पितळी बिल्ला देतो आणि हवं ते टूल घेऊन जातो. बिल्ला त्या टूलच्या जागी खिळ्यावर टांगायचा, टूल परत आलं की बिल्ला परत द्यायचा. किल्ल्या गोपीनाथरावांकडे. एकोणीस वर्षांत त्यांच्या खिडकीतून साधा ड्रिलसुद्धा हरवला नव्हता. स्वभावाने माणूस सरळ, फक्त चेष्टा करायची फार खोड. तीही चेहऱ्यावरची रेघ न हलवता. नवीन आलेल्या पोराला ते गंभीरपणे सांगत की डावखुऱ्या माणसासाठी वेगळा हातोडा असतो, अर्ज करावा लागतो. दोघांनी खरंच अर्ज दिले होते.

एक्याऐंशी सालच्या फेब्रुवारीत, गुरुवारी बारा तारखेला, ते ड्यूटीवरून आले ते हातपाय धुता धुता सांगू लागले. गेटवर तिवारी नावाचा शिपाई होता. त्याने रोजच्यासारखं विचारलं, वझलवार बाबू, थैले में क्या है? गोपीनाथराव म्हणाले, मायक्रोमीटर आहे, घरी नेतोय, बायकोला पोळीची जाडी मोजायचीय.

"मग?" रत्नप्रभाबाईंनी विचारलं.

"मग काय, हसला. म्हणाला, भाभी को नमस्ते कहना. तर नमस्ते."

"तुमचं काय मेलं ते. पोळ्या जाड होतात म्हणून आता गेटवर सांगा."

"मी कुठे जाड म्हटलं? जाडी म्हटलं."

विषय तिथेच संपला. पिशवीतून रिकामा डबा निघाला आणि बाजारातून घेतलेली मेथी.

सोमवारी टूलरूमची मोजदाद झाली. एक मायक्रोमीटर कमी भरला. मायक्रोमीटर म्हणजे केसाएवढी जाडी मोजण्याचं साधन, लाकडी डबीत ठेवतात, महाग असतं. त्याच्या खिळ्यावर कोणाचाच बिल्ला नव्हता. मंगळवारी दुपारी गोपीनाथरावांना सुरक्षा कार्यालयात बोलावलं. संध्याकाळी सहा वाजले तरी ते घरी आले नाहीत. साडेसहाला पोलिसांची जीप दारात उभी राहिली.

ठाणेदाराने घराची झडती घ्यायची आहे असं सांगितलं. पंच म्हणून ब्लॉकमधली दोन माणसं आणली होती. त्यातले एक विजय खानझोडे, वरच्या मजल्यावरचे, युनियनचं काम करणारे, गोपीनाथरावांचे मित्र. ते मान वर करत नव्हते. शिपायांनी डाळींचे डबे पाहिले, गाद्या उलटल्या, मुलीचं, सुचेताचं, दप्तर रिकामं केलं. ट्रंकेत एक जुनी स्टीलची फूटपट्टी निघाली, गोपीनाथरावांच्या आयटीआयच्या दिवसांतली, मागे त्यांचं नाव कोरलेली. ठाणेदाराने ती बराच वेळ फिरवून पाहिली आणि परत ठेवली. पंचनाम्यात लिहिलं, काही मिळालं नाही.

सोळा वर्षांच्या सुचेताने विचारलं, "पापा को क्यों पकड़ा है?"

"बिटिया, पकड़ा क्या, उन्होंने खुद लिखकर दिया है," ठाणेदार म्हणाला. त्याच्या आवाजात दरडावणी नव्हती. "अपने हाथ से लिखा है."

जीप गेली. खानझोडे मागे थांबले. म्हणाले, "वहिनी, मी सही केली पंचनाम्यावर. नाही म्हणता येत नाही हो."

"काय लिहून दिलंय त्यांनी?"

"ते मला दाखवलं नाही. पण एक ऐकून ठेवा. आज सहाला अटक झाली. परवा सहाच्या आत सुटले पाहिजेत. सरकारी कारखान्याचा माणूस अठ्ठेचाळीस तास कोठडीत राहिला की आपोआप सस्पेंड होतो. कोणी विचारत नाही, कोणी ऐकून घेत नाही. आणि चोरीच्या आरोपात सस्पेंड झालेल्या माणसाकडे पुन्हा टूलरूमच्या किल्ल्या येत नाहीत. पुढे निर्दोष सुटला तरी नाही. कुठेतरी माल ढकलायला लावतील."

खानझोडे वर गेले. सुचेता रडून रडून झोपली. रत्नप्रभाबाईंनी डाळी पुन्हा डब्यांत भरल्या. मग एक गोष्ट त्यांनी केली, जी त्यांनी नवऱ्याला कधीच सांगितली नाही. पोलिसांनी जिथे पाहिलं नव्हतं तिथे त्यांनी स्वतः पाहिलं. देवाच्या फोटोमागे, न्हाणीघरातल्या माळ्यावर, शिलाई मशीनच्या खालच्या खणात. काही नव्हतं. पण आपण पाहिलं, ही गोष्ट त्यांना झोंबली. नवरा चोर नाही हे त्यांना माहीत होतं. तरी 'लिहून दिलंय' हे दोन शब्द कानात शिरले होते, आणि ते शब्द त्यांना उठवून माळ्यापर्यंत घेऊन गेले.

बुधवारी कोर्टात फार काही झालं नाही. युनियनने सक्सेना नावाचे वकील दिले होते. त्यांच्या हातात कागद पडायच्या आतच पुकारा झाला. पोलिसांनी सात दिवसांचा रिमांड मागितला. मॅजिस्ट्रेट तरुण होते, सर्दी झालेली, गळ्याला मफलर. ते म्हणाले, सात दिवस कशासाठी ते आधी कागदावर दिसू दे. उद्या तपासाची पूर्ण डायरी घेऊन या. तोवर आरोपी जेलमध्ये. गोपीनाथराव पिंजऱ्यात उभे होते. शर्ट कालचाच. त्यांनी लांबूनच बायकोला हाताने विचारलं, जेवलीस का? रत्नप्रभाबाईंनी हो म्हणून मान हलवली. जेवल्या नव्हत्या.

संध्याकाळी खानझोडे त्यांना जवाहर चौकात वकिलांकडे घेऊन गेले. सुचेताही बरोबर होती. खाली स्टोव्ह दुरुस्तीचं दुकान, वर वकिलांची खोली. सक्सेना वकील वयस्क होते, बोलायला मऊ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "देखिए भाभीजी, सीधा रास्ता यह है कि कंपनी मान जाए तो राजीनामा कर लें."

रत्नप्रभाबाई ताठ झाल्या. "नहीं," त्या म्हणाल्या.

"जी?"

"राजीनामा नहीं देंगे. उन्नीस साल नौकरी किया. चोरी नहीं किया तो राजीनामा क्यों?"

वकील खानझोड्यांकडे पाहायला लागले. "इसमें नौकरी कहाँ से आ गई?"

खानझोड्यांनी कपाळाला हात लावला. "वहिनी, यांचा राजीनामा म्हणजे आपला राजीनामा नव्हे. इथे कोर्टात राजीनामा म्हणजे तडजोड. दोन्ही पक्षांनी राजी व्हायचं, तो राजीनामा. नोकरी सोडायची त्याला हे इस्तीफा म्हणतात." मग वकिलांना म्हणाले, "हमारे यहाँ राजीनामा माने इस्तीफ़ा होता है, वकील साब."

"अच्छा," वकील म्हणाले. "बीस साल से वकालत कर रहा हूँ, यह आज मालूम हुआ." ते थोडं हसले आणि समोरचे कागद पुढे ओढले. "ख़ैर, राजीनामे से पहले यह देखिए. थाने से नकल मिली है. यह आपके पति का बयान है. इसके रहते मैं क्या बोलूँगा?"

त्यांनी चष्मा लावला आणि वाचलं, "दिनांक बारह को गेट पर मैंने मायक्रोमीटर ले जाने की चेष्टा की थी. इससे अधिक कुछ नहीं किया."

रत्नप्रभाबाई थांबल्या. वाचून झालं असं त्यांना वाटेना. "पुढे?"

"बस, इतना ही है."

"मग बरोबर लिहिलंय की त्यांनी." त्या खानझोड्यांकडे वळल्या. "अहो भाऊजी, हेच झालं होतं. घरी येऊन मला सांगितलं त्यांनी. तिवारीची चेष्टा केली, पोळीची जाडी मोजायला मायक्रोमीटर नेतो म्हणून. यात कबूल काय केलं?"

"भाभीजी क्या कह रही हैं?" वकिलांनी विचारलं. "इसमें तो आदमी साफ़ कबूल कर रहा है कि ले जाने की कोशिश की."

खोलीत एवढा वेळ गप्प बसलेली सुचेता म्हणाली, "आई, हिंदीत चेष्टा म्हणजे कोशिश. प्रयत्न. आम्हाला व्याकरणात आहे."

"आणि चेष्टेला काय म्हणतात मग?"

"मज़ाक."

रत्नप्रभाबाई खुर्चीवर मागे टेकल्या. गोपीनाथरावांची हिंदी त्यांच्यापेक्षा पुष्कळ बरी होती, पण लिहिताना ते मनात मराठी वाक्य करत आणि शेवटचा शब्द तेवढा बदलत. केली होती, की थी. मधला शब्द तिकडेही आहे हे त्यांना माहीत होतं. म्हणून तो त्यांनी तसाच ठेवला. तिवारीकडून गेटवरचं कळल्यावर सुरक्षा अधिकाऱ्याने ते लिहून मागितलं होतं, वाक्य दोनदा वाचलं होतं, त्यांना बसायला सांगितलं होतं आणि चहा मागवला होता. गोपीनाथरावांना वाटलं होतं, मिटलं. पुढे ते सांगत की चहा चांगला होता.

वकिलांनी चष्मा काढला. "कहानी अच्छी है," ते म्हणाले. "मगर कल मैं यह कहूँगा तो सरकारी वकील हँसेगा. पकड़े जाने के बाद हर आदमी अपने शब्द का मतलब बदल देता है. शब्दकोश ले जाऊँगा तो कहेंगे, कोश में बीस अर्थ होते हैं. मुझे यह दिखाना पड़ेगा कि यह आदमी पहले भी इस शब्द को हिंदी में ऐसे ही लिखता था. इस झगड़े से पहले. कुछ है ऐसा लिखा हुआ?"

खानझोडे विचार करू लागले. टूलरूमची रजिस्टरं जप्त झाली होती, आणि त्यांत आकड्यांशिवाय काही नसायचं. गोपीनाथराव पत्रं लिहीत ती वर्ध्याला, मराठीत. हिंदीत कोणाला लिहिणार? जिना उतरताना सुचेता एकदम म्हणाली, "आई, प्रिन्सिपल मॅडमला लिहिलं होतं ना बाबांनी. माझं ते, कमलिनीचं."

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. वर्गातल्या कमलिनी नावाच्या मुलीने केस फार आखूड कापून घेतले होते, आणि सुचेताने तिला दिवसभर 'सरदारजी की पगड़ी कहाँ गई' म्हणून पिडलं होतं. मुलीच्या आईने तक्रार केली. प्रिन्सिपल बाईंनी सुचेताच्या वडिलांकडून माफीचं पत्र मागवलं होतं.

"ते पत्र ठेवलं असेल का त्यांनी?"

"मला काय माहीत? तूच जा विचारायला. मला मॅडमची भीती वाटते."

"मला नाही वाटत का?" रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

गुरुवारी सकाळी साडेसातला त्या शाळेच्या ऑफिसात जाऊन उभ्या राहिल्या. खानझोडे पहिल्या शिफ्टला गेले होते, दहाला सुट्टी टाकून येणार होते. सुचेता दाराबाहेर थांबली. प्रिन्सिपल बाई प्रार्थना आटोपून आल्या, तर समोर ही बाई, पदर खांद्यावरून घेतलेला, हातात काही नाही.

"कहिए?"

रत्नप्रभाबाईंनी रात्री वाक्यं तयार केली होती. त्यातलं एकही आठवेना. "मेरे मिस्टर को पुलिस ने पकड़ा है," त्या म्हणाल्या. "उन्होंने चोरी नहीं किया. आपके पास उनका चिट्ठी है. वो चाहिए."

प्रिन्सिपल बाईंनी त्यांना बसायला सांगितलं. मग रत्नप्रभाबाई बोलत गेल्या. लिंग चुकलं, वचन चुकलं, मधेच मराठी शब्द आले, एकदा तर अख्खं वाक्य मराठीत गेलं आणि त्यांच्या लक्षातही आलं नाही. त्या थांबल्या नाहीत. भिंतीवरच्या घड्याळात पावणेआठ होऊन गेले होते आणि कोर्ट अकराला होतं.

"वझलवार," प्रिन्सिपल बाई म्हणाल्या. "हाँ, याद है. बड़ी अजीब चिट्ठी थी. मैंने स्टाफ रूम में सबको पढ़कर सुनाई थी कि इसका मतलब क्या है. किसी की समझ में नहीं आया." त्यांनी घंटी वाजवली. शिपायाने एकोणऐंशी सालची फाईल काढली. पत्र निघालं. वरच्या कोपऱ्यात शाळेचा आवक शिक्का, तारीख, नंबर.

मूळ पत्र हातात द्यायला मात्र त्या तयार नव्हत्या. रेकॉर्डचा कागद. रत्नप्रभाबाईंनी पुन्हा विचारलं. त्या पुन्हा नाही म्हणाल्या. रत्नप्रभाबाई उठल्या नाहीत. खुर्चीवर तशाच बसून राहिल्या. प्रिन्सिपल बाईंनी दोन सह्या केल्या, एक फोन घेतला, आणि समोर पाहिलं तर त्या तिथेच.

"ठीक है," शेवटी त्या म्हणाल्या. "चपरासी लेकर जाएगा. कागज़ उसी के हाथ में रहेगा. जज साहब को दिखाएगा और वापस लाएगा."

शिपाई सायकलवरून, रत्नप्रभाबाई आणि खानझोडे रिक्षातून, असे ते कोर्टात पोचले. पुकारा साडेबाराला झाला.

सक्सेना वकिलांनी शब्दाचा मुद्दा मांडला तेव्हा सरकारी वकील खरोखरच हसले. "हुज़ूर, मुलज़िम के हाथ का लिखा है. चेष्टा माने चेष्टा. कल कोई कहेगा, हमारे गाँव में चोरी माने दान."

मॅजिस्ट्रेटांनी मफलर सारखा केला. त्यांच्या खालच्या टेबलावर पेशकार बसले होते, कागद पुढेमागे करणारे बाळकृष्ण डबीर. छप्पन साली राज्याची कचेरी नागपूरहून भोपाळला आली, तिच्याबरोबर आलेले. "डबीर जी," मॅजिस्ट्रेट म्हणाले, "आप तो नागपुर के हैं. मराठी में चेष्टा का मतलब?"

डबीर उभे राहिले. कोर्टात त्यांना कोणी कधी मत विचारलं नव्हतं. "हुज़ूर, मज़ाक."

"पक्का?"

"हुज़ूर, मेरी पत्नी रोज़ कहती है, मेरी चेष्टा मत करो."

मागच्या बाकांवर हशा झाला. मॅजिस्ट्रेट हसले नाहीत. "इससे यह मालूम हुआ कि आपके घर में इसका क्या मतलब है," ते म्हणाले. "मुझे देखना है कि इस आदमी की कलम में क्या था. सक्सेना साहब, है कुछ?"

शाळेचा शिपाई पुढे झाला. कागद त्याने दोन्ही हातांत धरला होता. मॅजिस्ट्रेटांनी आधी आवक शिक्का पाहिला, तारीख मोठ्याने वाचून घेतली, अक्षर बयानातल्या अक्षराशेजारी धरलं. मग पत्र वाचलं.

"महोदया, मेरी पुत्री सुचेता ने कक्षा में कुमारी कमलिनी की चेष्टा की, इसका मुझे खेद है. उसने बुरे मन से नहीं, केवल हँसने के लिए चेष्टा की. आगे से वह किसी की चेष्टा नहीं करेगी, और केश की तो बिलकुल नहीं."

त्यांनी कागद खाली ठेवला आणि ठाणेदाराला विचारलं, "इस चिट्ठी में चेष्टा की जगह कोशिश पढ़िए. कुछ मतलब निकलता है?"

ठाणेदाराने मनात वाचून पाहिलं. "नहीं हुज़ूर."

"मज़ाक पढ़िए."

"निकलता है."

मग मॅजिस्ट्रेटांनी एकेक गोष्ट विचारायला सुरुवात केली. हे सगळं हिंदीतच चाललं होतं, आणि रत्नप्रभाबाईंना शब्द न् शब्द समजत होता. बारा तारखेला गेटवरच्या शिपायाने ते वाक्य ऐकलं, तेव्हा त्याने पिशवी उघडून पाहिली का? नाही. थांबवलं का? नाही, हसला. म्हणजे ज्याने ते कानांनी ऐकलं त्याला संशय आला नाही. संशय आला तो मायक्रोमीटर कमी भरल्यावर. बरं, आधीच्या मोजणीपासून या मोजणीपर्यंत तो किती जणांनी नेला होता? ठाणेदाराने रजिस्टर उलटलं. नऊ जणांनी. त्या नवांपैकी कोणाला विचारलं? अजून नाही. झडतीत काय मिळालं? काही नाही.

"तो इस एक लाइन के अलावा आपके पास इस आदमी के ख़िलाफ़ क्या है?"

"हुज़ूर, लाइन ही है," ठाणेदार म्हणाला.

सरकारी वकील उठले. पोलिसांचं काय चुकलं, म्हणाले. लेखी कबुली समोर असताना अटक करायची नाही तर कधी करायची?

"मी चूक म्हणत नाही," अशा अर्थाचं मॅजिस्ट्रेट बोलले, आणि त्यांनी ते आदेशातही लिहवून घेतलं. ज्या संध्याकाळी ठाणेदाराने ती ओळ वाचली, त्या संध्याकाळी त्यांच्या जागी कोणीही हिंदी वाचणारा माणूस असता तर त्यालाही तोच संशय आला असता. कायदा पोलिसाकडून एवढंच मागतो की संशयाला आधार असावा आणि तो आधार दुसऱ्याला दाखवता यावा. तो पुढे खरा ठरलाच पाहिजे असं नाही. तेव्हा अटक वाईट नव्हती. पण कोठडी पुढे चालू ठेवायची तर मला आजचा आधार पाहिजे, मंगळवारचा नाही. मंगळवारचा आधार एका शब्दावर उभा होता. त्या शब्दाचा अर्थ कळल्यावर उरतो तो एवढाच संशय की टूलरूमची किल्ली यांच्याकडे होती. किल्ली असणं हा गुन्हा नव्हे, ती त्यांची नोकरी आहे. तपास चालू ठेवा, नवाच्या नवांना विचारा, यांनाही विचारा. मात्र जेलबाहेर ठेवून.

रिमांड नामंजूर. जातमुचलक्यावर सुटका.

डबीरांनी आदेश लिहायला घेतला. लिहिताना त्यांनी एकदा वर पाहिलं आणि रत्नप्रभाबाईंना हळूच म्हणाले, "वहिनी, आत्ता कुठे दीड वाजतोय. काळजी नको, मी नक्कल लगेच देतो." कागद, शिक्के, सह्या होता होता साडेतीन झाले. पत्र परत शिपायाच्या हातात गेलं, आणि तो सायकल काढून शाळेत गेला.

गोपीनाथराव बाहेर आले. दाढी वाढलेली. पहिलं वाक्य बोलले ते, "माझ्यावर काय आरोप होता ते मला आत्ता कळलं."

"चला आधी," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "कारखान्याचं पर्सोनेल ऑफिस पाचला बंद होतं."

मायक्रोमीटर पुढे मे महिन्यात सापडला, दुसऱ्याच शॉपमधल्या एका कपाटात, लाकडी डबीसकट. कोणी बिल्ला न टांगता नेला होता, ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण त्या दिवशी हे कोणालाच माहीत नव्हतं. रिक्षात तिघं दाटीने बसले होते आणि खानझोडे सारखं घड्याळ पाहत होते. गेटवर पाचला वीस कमी होते.

पर्सोनेलच्या क्लार्कने कोर्टाची नक्कल वाचली. अटकेची वेळ पाहिली, सुटकेची वेळ पाहिली, बोटांवर तास मोजले. मग समोरच्या फाईलमधून एक टाईप केलेला कागद काढला. सस्पेन्शनचा आदेश तयार होता, फक्त सही व्हायची होती. तो त्याने उलटा करून ट्रेच्या तळाशी ठेवला. "छियालीस घंटे भी नहीं हुए," तो म्हणाला, "कल पहली शिफ़्ट में आ जाइए. चाबी वहीं मिलेगी. यह दो दिन की छुट्टी का फ़ॉर्म भर दीजिए."

गोपीनाथरावांनी नाव लिहिलं, टोकन नंबर लिहिला, तारखा लिहिल्या. पुढचा रकाना होता, छुट्टी का कारण. तिथे त्यांचं पेन थांबलं. एकोणीस वर्षांत त्यांनी असे किती फॉर्म भरले होते. आता हात पुढे सरकेना.

"काय लिहू ग?" त्यांनी विचारलं.

रत्नप्रभाबाई टेबलाशी आल्या आणि क्लार्कला म्हणाल्या, "आप लोग क्या लिखता है इसमें?"

"अरे कुछ भी. 'आवश्यक कार्य' लिख दीजिए. सब यही लिखते हैं."

गोपीनाथराव लिहायला लागले तसा त्यांनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"आवश्यक का मतलब आवश्यक ही है ना?" त्यांनी क्लार्कला विचारलं. "तुम्हारे में?"

क्लार्क त्यांच्याकडे पाहत राहिला. "जी, आवश्यक ही है."

"हं," त्या म्हणाल्या, आणि हात काढला. "लिहा."